हवेनं फिरलेला काटा

नळाच्या आट्यांना लावतात त्या सफेद्याचा वास आला की उदगीरकडची एक दुपार आठवते. जिल्हा नवा झालेला, दुष्काळ पडलेला, आणि मी एका वस्तीच्या नळाला पाण्याचा मीटर बसवत होतो. व्हॉल्व्ह उघडताच मीटरचा काटा गरगर फिरला. "आलं गं, पाणी आलं!" म्हणत बाया घागरी घेऊन धावल्या. पण पाइपातून नुसती हवा येत होती. काटा हवेनंही फिरतो, हे मला ठाऊक होतं. "खरंच यायलंय का रे लेकरा? न्हाईतर टँकर गाठतो आम्ही," एका म्हातारीनं विचारलं. तिचं तोंड बघून मला नाही म्हणवलं नाही. "हाव, मावशी." तिकडं रस्त्यावर टँकर रिकामा होऊन निघून गेला, तरी नळापुढची रांग हलली नाही. मी हत्यारं गोळा करून निघून आलो. आता पन्नाशी उलटली, पण त्या गावाची एसटी दिसली की मी अजूनही मान फिरवतो.