घाटाआधीचा नारळ

ही गोष्ट मी इथे परदेशात, आमच्या सँडरिंगहॅम उपनगरातल्या प्रत्येक पार्टीत रंगवून सांगितली आहे. खरी मात्र आजवर कुणी ऐकलेली नाही. तुम्ही पहिले.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. मी नवी गाडी घेतली होती. नवी कसली — जपानमध्ये कुणीतरी वापरून सोडलेली. ती घेऊन मी आणि नितीन, माझा पुण्यापासूनचा मित्र, डोंगरात निघालो. घाट लागण्याआधी नारळ फोडायचा, हा माझा हट्ट. पण फोडणार कशावर? रस्त्याकडेला एकच दगड होता, पितळी पाटीचा. पाटीवर लिहिलं होतं, की पूर्वी मॉर्मन पंथाची काही कुटुंबं बैलगाड्या हाकत इथून डोंगरापलीकडे गेली; वाटेत मेलेल्यांची नावं खाली.

"अरे, नावं आहेत त्याच्यावर," नितीन म्हणाला.

"मग त्यांनाही प्रसाद."

केवढा विनोदी मी! नारळ फुटला, पाटीचा कोपराही वाकला. मी गाडीत जाऊन बसलो. नितीन पाटी पुसत, करवंट्या गोळा करत राहिला — आणि तेवढ्यात एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली शेतकरी गाडी, येऊन थांबली. उतरलेल्या धिप्पाड शेतकऱ्याने पाटी पाहिली, मग नितीनच्या हातातली करवंटी.

त्या नावांत त्याची पणजी होती. हे तो मारता मारता ओरडत होता. पहिल्याच ठोशात नितीनचा चष्मा गेला. मग त्याचं डोकं दगडावर — पुन्हा पुन्हा. आणि मी?

पार्टीत सांगतो, की मी उतरायला धडपडलो, पण सेंट्रल लॉकच अडकलं. लोक हसतात. नितीनही हसतो. "खटारा घेतलान् साल्याने," म्हणतो.

लॉक उत्तम होतं. नितीन त्या शेतकऱ्याच्या हातून सुटून गाडीपर्यंत आला होता. तोंड रक्ताने भरलेलं, हँडल चाचपडत होता. "उघड रे," एवढंच म्हणाला. मी बटण दाबलं — बंद करायचं. त्या माणसाने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं, तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? बरं झालं, तो नितीनच्याच मागे लागलाय.

शेवटी तो माणूसच दमला, दगडापाशी जाऊन बसला. तेव्हा मी दार उघडलं.

नितीनचा डावा कान त्या दिवशी कायमचा गेला.

मागे एकदा त्याच्याकडे मॅच बघताना मी मुद्दाम त्याच्या डावीकडे बसलो आणि हे सगळं हळू आवाजात सांगून टाकलं. अगदी बटणासकट. त्याने टीव्हीवरची नजर न हलवता चिप्सचा वाडगा माझ्याकडे सरकवला.

मी घेतले.