सासूबाईंची मालिका

कच्च्या केळ्यांचे वेफर्स तळल्याचा वास आला की मला शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. लग्न होऊन मी तुकईथडहून बऱ्हाणपूरला आले तेव्हा बारावी झाले होते, आणि पुढे शिकायचा विषय सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात, "घरात कामं काय कमी हायेत?" असं म्हणून मिटवून टाकला होता. त्या संध्याकाळी दूरदर्शनवर त्यांची आवडती हिंदी मालिका चालू होती आणि मी खाली बसून वेफर्ससाठी केळी सोलत होते. मालिकेतल्या सासूने सुनेची पुस्तकं अंगणात फेकली, तशा आमच्या सासूबाई पदराने डोळे पुसत ओरडल्या, "काय जालिम बाई हाय! पोरीला शिकू बी देत नाही!" मला एकदम हसू फुटलं. दाबायला गेले तर अजूनच आलं. "रडायच्या टाइमाला हसते काय?" त्या खेकसल्या. मी घाबरून पुन्हा केळी सोलू लागले, पण सासरे तोंडापुढे पेपर धरून हसत होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. भाग संपल्यावर टीव्ही बंद करून, माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "कॉलेजचा फॉर्म कधी भरतात?" आता मीच शाळेत शिकवते. एखाद्या मुलीचं शाळेतून नाव काढायला घरचे आले, की त्यांना खुर्ची देऊन मी आधी ही गोष्ट सांगते. बहुतेक जण हसतात, आणि काही जण नाव न काढताच परत जातात.