गुलाबरावच्या गाडीचं मागचं दार

"दार धर! ए, दार धर न वं! माह्याकडे काय पाहून राह्यली? मी काय पळून चाललो का?"

हे ओरडणारा माणूस म्हणजे गुलाबराव, त्या वेळी गाडीच्या मागच्या भागात झेंडूच्या रिकाम्या पोत्यांवर आडवा पडला होता. तीन दिवसांच्या हगवणीनं त्याचं असं चिपाड झालं होतं, की उचलून ठेवताना मला वाटलं, आपण माणूस नाही, त्याचा सदराच उचलला. आवाज मात्र अमरावतीच्या मंडईतून थेट बडनेऱ्याला पोचेल असा शाबूत होता. ओरडत होता तो आपल्या बायकोवर, नर्मदा वहिनीवर. गाडी हाकणार होतो मी. सकाळ होती, वैशाखाची. साठ मैलांवरच्या अकोल्याला त्याला जिवंत पोचवायचं, एवढंच काम होतं... ते आम्हा दोघांना जमलं नाही. त्याला आता दीड महिना झाला.

अमरावतीत डॉक्टर नव्हते असं नाही. पण गुलाबराव ज्याच्याशी भांडला नाही असा एकही डॉक्टर अमरावतीत उरला नव्हता. एकाला त्यानं भर दवाखान्यात सांगितलं होतं, "तुह्या औषधापेक्षा माह्या बैलाची पेंड बरी." अकोल्याचा एक डॉक्टर देवाला रोज त्याच्याच गाडीतली शेवंती वाहायचा, म्हणून तेवढा एक त्याच्या भरवशाचा. फुलांची पारख असलेला माणूस रोगाच्या पारखीत चुकणार नाही, असा त्याचा हिशेब. मी "बापा, इथंच दाखवू" म्हणालो, तर पडल्या पडल्या त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग नेलं.

गेलेल्या माणसाबद्दल वर्तमानपत्रात लिहायचं म्हणजे त्याला आधी साखरेच्या पाकात बुडवायचं असतं, हे मला ठाऊक आहे. गुलाबराव त्या पाकात बुडणारा नव्हता, पाकच कडू झाला असता. तरी एक सांगतो. गाडी यायच्या आधी मला विषमज्वर झाला होता, तेव्हा माझे सख्खे भाऊ दारातून डोकावून गेले. हा गडी मात्र धंदा सोडून सात दिवस माझ्या उशाशी बसला आणि सात दिवस अखंड थापा मारल्या. मेळघाटात वाघानं त्याच्याकडे बिडी मागितली, ही त्यातली सर्वांत लहान थाप. मी बरा झालो तो औषधानं नाही, पुढं काय झालं हे ऐकायच्या हावेनं. अशा माणसाला वाईट म्हणायचं तर जीभ अडखळते. आणि चांगला म्हणायला गेलो की ती गाडी आठवते.

ती गाडी त्यानं पन्नासच्या आसपास लिलावात घेतली. लढाईच्या वेळची, जखमी सोजिरांना न्यायची बंद गाडी. पुढे ड्रायव्हर, मध्ये फळ्यांची भिंत, मागे खोली आणि खोलीला दोन पल्ल्यांचं, म्हणजे दोन झडपांचं, दार. घरी आणली त्याच दिवशी गुलाबरावनं ती ऐटीत मागे घेतली आणि कडुलिंबाला ठोकली. चौकट तिरपी झाली. त्या दिवसापासून त्या दोन पल्ल्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मधून चार बोटं उजेड. कुलूप तर पहिल्याच खड्ड्यात पडलं, ते अजून सापडायचं आहे.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. आधी तार बांधली, ती तुटली. मग चामड्याचा पट्टा आणला, तो मूर्तिजापूरच्या कुत्र्यानं खाल्ला. मग बाजेची लाकडी पट्टी आडवी ठोकली, तर दार लागलं पण उघडेना, आणि पाच टोपल्या मोगरा आत दोन दिवस सडला. वासानं गल्लीत लोकांना वाटलं कोणाचं तरी लग्न आणि मयत एकदमच आहे. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे दार सताड उघडलं आणि मैल दीड मैल झेंडू सांडत गेला. गुलाबरावला पत्ता नाही. मागून एक नवरदेव घोड्यावरून येत होता, तो समजला सासरच्यांनी सडा घातला. भर मांडवात त्यानं सासऱ्याचे पाय धरले म्हणतात.

अकोल्याच्या करीम मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "दरवाजा ठीक है, गुलाबराव. चौखट टेढी है. चार दिन गाडी छोडो, काट के सीधी कर देता हूँ."

"चार दिवस? अन् माही फुलं काय तुह्या डोक्यावर नेऊ?"

चार दिवस गाडी उभी करायची नाही, हा त्याचा बाणा. बारा वर्षांत ते चार दिवस त्याला सापडले नाहीत. त्यानं तोडगा काढला तो वेगळाच. दोन्ही पल्ल्यांच्या आतल्या मुठींना एक दोर बांधला, आणि दोराच्या टोकाला बायको.

नर्मदा वहिनी आत फळीला पाठ लावून बसायची, पाय टोपल्यांवर रोवायची, दोर दोन्ही हातांना गुंडाळायची. अमरावती ते अकोला, अकोला ते अमरावती. गुलाबराव मंडईत छाती फुगवून सांगायचा, "असं कुलूप बजारात भेटत नाई. बोलतही नाई, गंजतही नाई." मंडई हसायची. तिला 'गुलाबरावची कडी' हे नाव पडलं. ते पाडलं कोणी? मी. मला त्या नावाचा अभिमान होता. ती गाडीतून उतरली की मी चहाच्या ठेल्यावरून हाळी द्यायचो, "कडी आली रे, तेल द्या!" ती पदर सारखा करून टोपली उतरवायला लागायची. तळहात तिचे असे झाले होते, की निखारा ठेवला असता तर निखाऱ्यालाच चटका बसला असता. हे वाक्यही तेव्हा मीच मंडईत फेकलं होतं. त्यावरही हसले लोक.

एकदा बोरगावच्या वळणावर पल्ला असा हिसडला, की ती दोरासकट बाहेर गेली आणि लोंबकळत फरफटली. गुडघ्यांची सालटी निघाली, पण दोर सोडला नाही. गाडी थांबवून गुलाबराव मागे आला आणि पहिलं काय विचारलं?

"शेवंती चुरगळली का वं?"

"नाई," ती म्हणाली.

"मग बस."

हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा. मीही नक्कल करायचो, तिची आणि त्याची, दोन्ही आवाजांत.

गाडीत बोलण्याची सोय नव्हती. इंजिन असं खोकायचं की पुढे बसलेल्याला स्वतःची शिंक ऐकू येत नसे. म्हणून फळीच्या भिंतीवर ठोके मारायची पद्धत होती. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चाल. बारा वर्षं ही भाषा चालली. गुलाबरावच्या कोशात तिसरा शब्द नव्हता.

तर त्या सकाळी आम्ही निघालो. मी शपथेवर सांगतो, त्या गाडीला माझ्याइतकं कोणी हाणलं नसेल. रस्त्यावरच्या बैलगाड्या शेतात उतरत होत्या. ऊन चढत होतं, टप तापून तवा झाला होता. माझ्या डोक्यात एकच, अकोला. मूर्तिजापूर मागे पडलं आणि पाठीमागे फळीवर ठोका पडला. एक. मी लगेच पाय उचलला, गाडी मंदावली. एवढ्यात दुसरा ठोका. मी मनात म्हणालो, वा रे पठ्ठ्या, मरायला टेकला तरी घाई सुटत नाही! आणि दिली दाबून. पुढे पुन्हा ठोके आले, तेही दोन. मी खिडकीतून हात काढून दाखवला, चाललो बाबा, चाललो... हात त्याला दिसणार नव्हता हे तेव्हा सुचलंही नाही. मग ठोके बंद झाले. मला वाटलं, झोप लागली. बरं झालं.

अकोल्यात डॉक्टरच्या फाटकासमोर गाडी उभी केली. मागे जाऊन म्हणालो, "वहिनी, सोडा दार." दार सुटेना. ओढून उघडलं. ती तशीच बसली होती, पाय त्याच्या अंगाच्या दोन बाजूंना रोवलेले, दोर दोन्ही हातांना तीन तीन वेढे. आणि तिच्या पायांमध्ये गुलाबराव, तोंड उघडं, मूठ फळीला टेकलेली. डॉक्टर बाहेर आले, नाडी पाहिली, आणि पंचा काढून त्यांनी त्याचं तोंड झाकलं. दोर मलाच सोडवावा लागला. तिची बोटं उघडत नव्हती, एकेक करून उघडली. त्याच्या डोक्याशी पितळी तांब्या होता. काठोकाठ भरलेला, फडक्यानं बांधलेला, एक थेंब न सांडलेला.

तेरावा झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. मंडईनं फुलांचे ढीग पाठवले होते, ते कोपऱ्यात वाळत होते. ती निवडत बसली होती. बराच वेळ मी त्याच्या थापा सांगत राहिलो, वाघ, बिडी, सगळं. ती हसली नाही. मग मी विचारलं, "वहिनी, शेवटी काही बोलला का?"

"पाणी मागत होते."

"अन् ठोके?"

"त्याहीनंच मारले. गाडी थांबवा म्हून. एक मारला, अन् थांबायले वेळ लागला म्हून चिडून आणखी एक मारला."

दोन ठोके. बारा वर्षांत त्या माणसानं कधी कशाची वाट पाहिली नव्हती, पाण्याचीही पाहिली नाही, आणि मी त्याचा हुकूम पाळून गाडी दामटली. माझ्याच पायानं. आणि खरं सांगतो, कारण खोटं सांगण्यात आयुष्य गेलं: त्या क्षणी मला तो गुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात टाकायचा होता. समोर तीच होती. मी आवाज चढवून विचारलं, "तांब्या तर तुमच्या हाताशी होता वहिनी! थांबायचं कशाले? तुमीच काहून नाई पाजलं?"

तिनं हातातलं फूल खाली ठेवलं.

"दोन्ही हात दाराले होते, भाऊजी."