आखातातला नवरा कायम मंडपातच का मार खातो?

आमच्या खोलीतल्या किश्शांचं एसीच्या जाळीसारखं आहे. काल धुतलेली असते, आज बघावं तर परत थर! कतारमध्ये वारा सुटला की बंद खिडकीतूनसुद्धा धूळ आत येते, आणि आमच्याकडं शुक्रवारी सिनेमा लागला की किस्सा होतोच. सांगायला बसलो की एकातून दुसरा निघतो.

मी एसी मेकॅनिक. गाव पाटण तालुक्यात. शाळा नववीत सुटली, लाजरेपणा मात्र सुटला नाही. दोह्याच्या अबू हमूर भागातल्या एका जुन्या व्हिलाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं राहतो. मी, अंबाजोगाईकडचे दत्ताभाऊ आणि कणकवलीचा राजू. दत्ताभाऊ कंपनीची बस चालवतात, राजू प्लंबर आहे. चौथे बावतीस अंकल, वसईचे, हॉस्पिटलच्या ऑफिसात आहेत. त्यांचं चर्च इथून जवळ, म्हणून शुक्रवारची मिस्सा झाली की डबा घेऊन आमच्याकडं येतात.

जेवण झालं की सिनेमा. तोही शोधून शोधून वाईटातला वाईट. चांगला सिनेमा गप्प बसून बघावा लागतो, त्यात कसली आलीय मजा! नियम एकच, सिनेमाबद्दल पहिला जो चांगलं बोलेल त्यानं पुढच्या शुक्रवारी सगळ्यांच्या चपात्या लाटायच्या.

त्याच दिवसांत माझं लग्न जमत होतं. म्हणजे जमतंय की मोडतंय ते कळत नव्हतं. कराडजवळची मनीषा. मागच्या सुट्टीत बघून आलो होतो. तिनं "विचार करून सांगते" म्हटलं होतं. बरोबरच आहे. नवरा दोन वर्षांतून एकदा दिसणार, तर माणूस विचार करणारच. तोवर शुक्रवारी फोन करायला परवानगी होती. पण "जेवलात का?" आणि "हो" यापुढं माझी गाडी सरकत नव्हती.

*

सुरुवातीला मी सिनेमा बघतानाही गप्पच असायचो. बाकीचे तिघं बोलायचे, मी हसायचो.

एका सिनेमात चोर हिऱ्यांचा हार पळवायला एसीच्या डक्टमधून रांगत जातो. डक्ट केवढा? आमच्या खोलीएवढा! आत लख्ख उजेड. आणि चोर बाहेर आला तो पांढऱ्या शर्टात, इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डक्ट साफ करून मी बाहेर येतो तेव्हा आमचा सुपरवायझर मला नाव विचारतो! मी उभा राहून ओरडलो, "अरे, डक्टमध्ये बल्ब कुणी लावला? तुझ्या सासऱ्यानं?"

राजूच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

दत्ताभाऊ म्हणाले, "आरं, हे बोलतंय की! मला वाटलं कंपनीनं मुकंच पाठवलंय."

*

राजूचा राग माशावरचा. सिनेमातलं घर कोकणातलं, समोर समुद्र, आई हिरोला बांगड्याचं कालवण वाढते. हिरो चमच्यानं खातो आणि खाता खाता धरणाविरुद्ध भाषण करतो.

राजूनं सिनेमा थांबवला. मागं नेला. परत बघितला. परत मागं नेला.

मी विचारलं, "काय झालं?"

"काटो खंय गेलो?" राजू लाल झाला होता. "अख्खो बांगडो गिळल्यान आणि एक काटो भायर काढूक नाय! मेल्यान एक काटो काढून दाखवल्यान, तर फुडच्या शुक्रवारी चपात्यो मी लाटतंय!"

आम्ही शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघितलं. धरण रद्द झालं, व्हिलन सुधारला, काटा काही निघाला नाही.

*

बावतीस अंकल मवाळ माणूस. ऑफिसात कुणाला "तू" म्हणत नाहीत. पण सिनेमात ख्रिश्चन माणूस आला की त्यांचा चेहरा बदलतो. कारण तो हमखास दारू प्यायलेला, डोक्यावर हॅट, गळ्यात गिटार आणि तोंडात "क्या मॅन!"

एकदा असाच एक जण पडद्यावर आला आणि अंकल खुर्चीतून उठले.

"माझा बाप केळीच्या बागेत राबला! माझ्या आजीला मराठीशिवाय दुसरी भाषा ठाऊक नव्हती! आमच्याकडे लग्नात बायका ओव्या म्हणतात! आणि हा कोण? कुठल्या गावचा? उभ्या वसईत मी असा माणूस पाहिलेला नाही!"

राजू हळूच म्हणाला, "अंकल, बसा. बीपी वाढात."

"वाढू दे! आणि दारू म्हणे! इतकी वर्षं इथं मी ताकावर काढलीत, ताकावर!"

आणि खरंच, त्यांच्या हातात ताकाचाच पेला होता. त्यातलं निम्मं ताक माझ्या गादीवर सांडलं होतं.

*

एकदा मॉलमधल्या थिएटरात मराठी सिनेमा लागला. एकच शो. दोह्यातली झाडून सगळी मराठी कुटुंबं आलेली. दत्ताभाऊंनी बजावलं, "इथं तोंड गप ठिवा. बायामाणसं हायती."

सिनेमातली आई हॉस्पिटलात मरायला टेकलेली. नाकात नळी. आणि मरता मरता गाणं म्हणते. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात तिनं तान घेतली.

मला राहवलं नाही. मी हळू आवाजात म्हणालो, "एवढा दम असेल तर हिला डिस्चार्ज द्या की!"

मागून एका बाईंनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. मी घामाघूम. मान न वळवता "सॉरी ताई" म्हणालो.

त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, सॉरी काय? मोठ्यानं बोला ना! मागच्या रांगेत ऐकू येत नाहीये!"

त्यांच्या शेजारचा मुलगा विचारत होता, "मम्मा, व्हॉट डिड ही से?" मग त्यांनी त्याला इंग्रजीत समजावलं. पुढचा दीड तास मी बोलत होतो आणि त्या भाषांतर करत होत्या.

*

आता माझ्या खऱ्या रागाचं सांगतो. प्रत्येक वाईट सिनेमात एक आखातातला नवरा असतो. गळ्यात साखळदंडासारखी चेन, उन्हात कोट, घरात गॉगल. हिरोइनचं लग्न त्याच्याशी ठरलेलं असतं. ऐन मंगलाष्टकात हिरो येतो, त्याला दोन कानफटात देतो आणि पोरगी घेऊन जातो. सगळे टाळ्या वाजवतात. नवऱ्याचा गुन्हा काय? तर तो नोकरी करतो!

दत्ताभाऊंना त्या नवऱ्याची बॅग बघून संताप येतो. "चाकाची बॅग घेऊन आलंय! एक तरी खोकं हाय का? खोक्याला दोरी हाय का? दोरीवर मार्करनं नाव हाय का? हे आखातातून आलंच न्हाई, हे पुण्यातून आलंय!"

असाच एक सिनेमा एका रविवारी गावाकडं टीव्हीवर लागला. त्यातल्या नवऱ्याची तर तिकडं दुसरी बायकोही निघते. मनीषाच्या काकांनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. मी कामावर, छतावर, हातात पाना.

"तसं काही मनात आणू नका," काका म्हणाले, "पण घरात विषय निघालाय. तिकडं तुमचं दुसरं काही नाही ना?"

नाही म्हणायला एवढा वेळ लागला, की मलाच माझा संशय आला असता. काका "बरं, बघू" म्हणाले आणि फोन ठेवला.

खोलीवर येऊन सांगितलं तर दत्ताभाऊ भडकले. "आरं, सांगायचं ना! आम्ही तिघं एका संडासाला नंबर लावतोय, त्यात चौथी कुठं उभी करू?"

पण मला हसू आलं नाही. सिनेमा लिहिणाऱ्याला गंमत वाटली असेल. इथं माझ्या लग्नाचं "बरं, बघू" झालं होतं.

*

त्या शुक्रवारी मनीषाचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही नुकतेच जेवलो होतो.

ती म्हणाली, "काका ज्याच्यावरून बोलले तो सिनेमा मी पाहिला नाही. मोबाईलवर सापडलाय. तुम्ही पण लावा. बरोबर बघू."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दत्ताभाऊ माझ्या कानात म्हणाले, "लेका, आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा!"

फोन भाताच्या पातेल्याला टेकवून ठेवला. स्क्रीनवर मनीषा, शेजारी तिची आई आणि मागं दाराला टेकून काका. राजूनं शर्ट घातला. अंकलनी केस विंचरले. पहिल्यांदाच असं झालं की सिनेमा सुरू होऊन तासभर गेला आणि आमच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

नवरा रजा काढून गावी आला. गॉगल लावून जेवला. दुसऱ्या बायकोचं पत्र सापडलं. ते खोटं होतं, हिरोच्याच मित्रानं लिहिलेलं, पण ते मंडपातल्या कुणाला सांगायला दिग्दर्शकाला सवड नव्हती. मी फोनकडं बघायचं टाळत होतो. हिरो मंडपात शिरला. पहिली कानफटात. दुसरी. चेन तुटली. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. हिरो पोरीला घेऊन बुलेटवरून गेला, आणि तो नवरा एकटाच रिकाम्या मंडपात उभा राहून मुंडावळ्या सोडायला लागला.

सिनेमा बंद करायला दत्ताभाऊ उठले.

तेवढ्यात फोनमधून तिचा आवाज आला. तिच्या आईसमोर, काकांसमोर, चांगला खणखणीत.

"अहो, त्याला म्हणावं, मुंडावळ्या काढू नकोस! एवढी रजा मिळवून आलायस, ती कशाला वाया घालवतोस? तसाच गाडीत बस आणि आमच्याकडं ये!"