पथ्यबाईंची मांजर

“मासा दिलात ना तिला? खोटं बोलू नका, मिशांना वास येतोय.”

पेपर खाली न घेता नवरा म्हणाला, मांजराच्या मिशांना माशाचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? सून ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून हसू दाबत होती. पथ्यबाईंनी तिच्याकडेही एक नजर टाकली. घरात सगळेच फितूर.

पथ्यबाई हे नाव इस्पितळातल्या पोरींनी ठेवलेलं. तिथल्या स्वयंपाकघरात पथ्याची ताटं लावण्यात त्यांची हयात गेली. कुणाचं बिनमिठाचं, कुणाचं बिनसाखरेचं. त्यांच्या हातून ताट कधी चुकलं नाही. निवृत्त झाल्या आणि नवऱ्याची मूत्रपिंडं थकली, तशी तीच शिस्त घरी आली. तो अळणी गिळायचा आणि म्हणायचा, तुरुंगातसुद्धा मीठ मिळतं. पुढे म्हातारी मांजर ओकू लागली आणि तिलाही तेच दुखणं निघालं, तेव्हा म्हणाला, चला, जेवायला जोडीदार मिळाला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी या आजाराचं खास खाणं दाखवलं, डब्यातलं ओलसर आणि पिशवीतलं कोरडं. मांजर पाणी कमी पिते म्हणून ओलसर ठरलं. मात्र त्यांनी बजावलं होतं, आधी उलट्या थांबू द्या, मग जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत जा.

थांबणं पथ्यबाईंना कुठलं जमायला? इस्पितळात पथ्य लिहून आलं की पुढच्या ताटापासून लागू. त्यांनी त्याच संध्याकाळी वाटी बदलली. वर उलटीची कडू गोळी कुटून त्यातच कालवली, नवऱ्याच्या सूपात कालवायच्या तशी. नवरा तोंड वाकडं करून पिऊन टाकायचा. मांजरीने एक घास खाल्ला, तो ओकला आणि त्या वाटीकडे पाठ फिरवली ती कायमची. मग पथ्यबाईंनी खाणं कोमट करून पाहिलं, बोटावर घेऊन चाटवून पाहिलं, दुसऱ्या चवीचे डबे आणले. मांजर वास घ्यायची आणि पलंगाखाली जायची. तिच्या पाठीचे मणके हाताला लागायला लागले. पोटात जायचा तो नवऱ्याने चोरून दिलेला मासा तेवढा.

आज माशावरून सुरू झालेलं भांडण तसंच टाकून पथ्यबाई मांजरीला टोपलीत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. कडू गोळीचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मांजरीचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या.

“या खाण्याची तिने धास्ती घेतलीय. आणि आता दुखणंही शेवटाला आलंय. जे खाईल ते द्या, काकू. निदान उपाशी नको.”

“आणि पथ्य?”

“पथ्याने आता तिचे दिवस वाढणार नाहीत.”

घरी येऊन पथ्यबाईंनी न उघडलेले डबे फडताळात मागे सारले. मासा उकडला, एकेक काटा काढला आणि बशी जमिनीवर ठेवली. मांजर कशीबशी आली आणि खाऊ लागली. घरात तेवढाच चाटण्याचा आवाज. नवरा पेपर मिटून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “तिची सुटका झाली तर. माझ्याही ताटात चिमूटभर पडू दे की.”

पथ्यबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. सुजेवर मोज्याच्या कडेचा वळ खोल उमटला होता. त्या सुनेकडे वळल्या.

“मांजरीला आजपासून मासा. तो मी देणार, चोरून कुणी द्यायचा नाही. ह्यांचं अळणीच राहील.”