सोहोनींच्या हाती बॅट परत देण्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, सिंगापुरातल्या बेडोकच्या आपल्या बेसबॉल संघाचा सभासद, आपल्यापैकी निम्म्या घरांचे कामाच्या पासचे आणि फ्लॅटचे अर्ज माझ्याच हातचे. ज्यांच्याविषयी: श्री. दिगंबर सोहोनी, संघाचे पिचर म्हणजे चेंडू फेकणारे, चांगी बिझनेस पार्कमध्ये अकाउंटंट. तक्रार ज्यांच्याविरुद्ध: कर्णधार श्री. परांजपे व समिती. दिनांक: गेल्या महिन्याचा शेवटचा रविवार. साक्षीदार: परांजपे यांची कन्या ईरा.

सोहोनी प्रत्येक चेंडू फेकण्याआधी पँटवर घासत. बेसबॉलमध्ये त्याचा उपयोग नाही, हे मी त्यांना सविस्तर समजावले होते. "हाताला समजवा," ते म्हणाले. "जन्मभर क्रिकेट खेळलाय तो."

एकदा त्यांचा चेंडू समोरच्या संघाच्या पिचरच्या बरगडीत बसला. नंतर सोहोनींची बॅटिंग आली, आणि चेंडू त्याच पिचरच्या हाती.

"काका, आज दुसरा कुणी जाऊ दे," परांजपे हळूच म्हणाले.

"का? मी फेकत होतो तेव्हा तो उभा होता ना?"

पहिलाच चेंडू हनुवटीला चाटून गेला. सोहोनी जागचे हलले नाहीत. परत आल्यावर मात्र त्यांनी पाण्याची बाटली एका दमात संपवली. "फेकणाऱ्याला समोर उभं राहायची भीती ठाऊक पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर तो कुणालाही मारत सुटेल."

आता मूळ प्रसंग. आपण एका धावेने मागे, तिन्ही बेसवर आपली माणसे, शेवटचा गडी आणि बॅट सोहोनींकडे. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर आला. सोहोनींनी पुढचा पाय टाकला, मान खाली घातली आणि तो अडवला. चेंडू पायापुढे थांबला, तेही थांबले. क्रिकेटमध्ये अडवलेल्या चेंडूवर पळावे लागत नाही. बेसबॉलमध्ये पळावेच लागते.

"अंकल, रन लाह," ईरा इथल्या लकबीत ओरडली. तोवर कॅचरने चेंडू उचलून होम प्लेटवर पाय ठेवला होता. शेवटचा गडी बाद, सामना गेला.

"कसोटी वाचवलीत, काका," परांजपे म्हणाले. कुणी हसले नाही.

"चूक माझी," सोहोनी म्हणाले. "माझ्याच नावावर राहू दे."

त्याच संध्याकाळी समितीने ठरवले की सोहोनींनी केवळ चेंडू फेकावा, बॅटिंग त्यांच्याऐवजी अर्जदाराने करावी. नियमात तशी मुभा आहे, आणि माझी फलंदाजी सर्वपरिचित आहे. दोन्ही मला मान्य. हे कळवायला मीच त्यांच्याकडे गेलो.

ते म्हणाले, "माझा चेंडू कुणाला लागला, तर परतफेड तुमच्या बरगड्या करणार. असं मला नाही फेकता येणार."

तेव्हापासून ते मैदानावर आलेले नाहीत. या महिनाअखेर त्यांचा पास संपतो आणि ते कायमचे साताऱ्याला जात आहेत. येत्या रविवारचा सामना त्यांचा इथला शेवटचा.

सबब विनंती की फलंदाजीच्या क्रमातून माझे नाव कमी करून तेथे श्री. सोहोनी यांचे घालावे. हरलो तर हरू. पिचर आपला असेल. उत्तर शनिवारच्या आत लेखी मिळावे. त्यांच्या दारात यावेळीही मीच जाणार आहे, आणि पुन्हा तोच निरोप घेऊन जाण्याची माझी तयारी नाही.