दोन सावडी राहिल्यात

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आईने आमच्या गावी, तेरमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय. "कोण राहणार अन् कोण पळणार, ते तिचं कंप्युटर आधीच सांगतंय." त्यामुळे दिवाळीला घरी गेले की एखादी बाई हळूच विचारते, आमची सून टिकंल का गं? मी हसते आणि चहा घेते.

आईचं तसं चुकत नाही. पुण्यातल्या एका मसाल्याच्या कंपनीत मी एचआरला लागले ती हजेरीच्या एक्सेलवर. एक्सेलमधून तक्ते निघाले, तक्त्यांतून आलेख आणि आलेखांतून 'पीपल अ‍ॅनालिटिक्स' नावाचं भारदस्त खातं. हजेरी आणि उशीर पाहून कोण नोकरी सोडणार याचा अंदाज बांधणारं मॉडेल मी बनवलं. साहेब खूश. म्हणाले, "धाराशिवच्या युनिटवर चालवा, गुरुवारी संचालकांपुढे मांडा, मग खात्याच्या प्रमुख तुम्हीच." धाराशिव म्हणजे माझाच जिल्हा. मी मनातल्या मनात त्या खुर्चीवर गादीसुद्धा घातली.

मॉडेलने पॅकिंगच्या सात बायका लाल केल्या, म्हणजे नोकरी सोडणार. महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपत होतं आणि लाल नावांचं वाढवायचं नाही, असं ठरलं होतं. यादी पाठवून टाकली आणि मग मी युनिट बघायला गेले. खरं तर तेरला आईच्या हातचं पिठलं खायला.

मसाल्याच्या युनिटमध्ये नवा माणूस पहिली दहा मिनिटं नुसता शिंकतो. शिंका आवरल्यावर मी तेरची म्हणून ओळख सांगितली आणि सुपरवायझर काकांना विचारलं, "यादीतल्या पहिल्या ताई कोणत्या? तीन महिन्यांत अकरा खाडे! लाईन बंद पडत असेल ना?"

"लाईन?" काका म्हणाले. "लाईन तर एक दिवसबी थांबली न्हाय."

ताईंना बोलावलं. चाळिशीच्या, हात हळदीने पिवळे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक गोड आवाज शिकवतात, त्या आवाजात मी विचारलं, "ताई, नोकरी सोडायचा विचार आहे का?"

"सोडू? कशी सोडू, मॅडम?" त्या गडबडल्या. "सासू सोलापूरला दवाखान्यात हुती. अकरा दिवस माझ्या जागी ह्या चौघी उभ्या राहिल्या, आपापल्या सुट्टीच्या वारी. आता माझ्या सुट्टीला मी त्यांच्या जागी राहते. सावड हाय आमची. नऊ फिटल्या, दोन राहिल्यात. त्या फेडल्याबिगर कुठं जाऊ?"

सावड. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. रानातली ही रीत बायकांनी पॅकिंगच्या लाईनवर आणली होती.

सुट्टीच्या दिवशी हजेरीच्या मशीनवर उमटलेले ते अंगठे मी पाहिले होते. मशीनची चूक समजून मीच ते पुसून टाकले होते. आमच्या धंद्यात याला डेटा साफ करणं म्हणतात. खाडे तेवढे ठेवले आणि भरपाई साफ केली. पुण्यात वाढलेल्या कुणी हे केलं असतं तर समजू शकलं असतं. पण मी पुण्याला पहिल्या मुलाखतीला गेले ते ऐन काढणीत, आई-वडील दोघांना घेऊन. तेव्हा आमचं सोयाबीन शेजाऱ्यांनी सावडीनं काढलं होतं. मला माझीच लाज वाटली.

साहेबांना तिथूनच, ताई आणि काकांसमोर फोन लावला. "सर, यादी चुकली. माझी चूक. मॉडेल मागे घेते."

"गुरुवार होऊ द्या, मग करा दुरुस्त."

"तोवर महिना संपेल आणि सात जणी घरी बसतील, सर."

साहेब म्हणाले, "बघा बुवा." आमच्या साहेबांचं 'बघा बुवा' म्हणजे खुर्ची गेली. सातही जणींचं कंत्राट वाढलं आणि प्रमुखपद शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मिळालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी त्यांच्या पेढ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ला.

काढणी सुरू झाली. वडील गेल्यापासून आई एकटीच रान बघते, त्यामुळे मजूर मिळेनात म्हणून तिचा फोन येईल, असं मी धरूनच चालले होते. फोन आला.

"अगं, काल दोघी, आज दोघी बाया इळं घेऊन आल्यात रानात. हात पिवळेजर्द. म्हनतात, तुमच्या पोरीनं आमच्यासाठी सावड घातली, ती फेडायची हाय."

डोळे भरून आले, मी नाक ओढलं.

"रडतीस काय?" आई म्हणाली. "त्या चार बाया आल्या, तू एकटी हुतीस. फिटून वर उरली, ती आता आपल्यावर. पुढल्या हप्त्यात, सासू दवाखान्यात हुती त्या ताईचं सोयाबीन हाय. मी तुझं नाव सांगून बसले."

मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात 'सावड' लिहिलं. असलं कारण आमच्या सिस्टीमला माहीत नाही, त्यामुळे तिने माझ्या नावापुढे दोन खाडे लावले. ते मी पुसले नाहीत.